बिनकुलपाचा तुरुंग

१

महरीनची सकाळ फवारणीच्या पंपांशी भांडण्यात जायची. आंब्याला मोहोर आलेला, आणि सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, उतारावरच्या प्रत्येक बागेत तुडतुड्यांवर औषध मारणारे पंप उजाडल्यापासून घरघरत असायचे. तिचं काम आवाज टिपण्याचं. कॅमेऱ्याला पंप दिसत नसला तरी माइकला तो कोसभरावरून ऐकू येतो. मग ती स्कूटर काढून बागवाल्यांची मनधरणी करत फिरायची. "काका, जरा वेळ थांबा ना." काका पंप न थांबवताच म्हणायचे, "तुडतुडे थांबनार हायत काय गो तुझ्या शूटिंगसाठी?"

शूटिंग होतं 'मुक्काम कोठडी' नावाच्या कार्यक्रमाचं. साधीसुधी माणसं कैद्यांचे कपडे घालून खऱ्या तुरुंगात राहणार आणि त्यांची भांडणं, रडणं, गळ्यात पडणं आपण घरी चहा पीत बघणार, असा सगळा मामला. जाहिरातीत 'खऱ्या' या शब्दावर फार जोर होता. खऱ्या तुरुंगाची परवानगी अर्थातच कुणी दिली नव्हती. मग मुंबईहून आलेल्या ओमकारनं, म्हणजे दिग्दर्शकानं, भाट्याचा पूल ओलांडून वर सड्यावर एक जागा शोधून काढली. जांभ्या दगडाची लांबट, बसकी इमारत, आत एका ओळीत खोल्या, पुढे अंगण, अंगणाला उंच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि त्यात बैलगाडी सहज आत जाईल असं एकच दार. कुणी म्हणायचं ती मिठाची कोठी होती, कुणी म्हणायचं कस्टमची वखार. एक म्हातारी म्हणाली, इंग्रजाच्या वेळी तिथे माणसं कोंडायचे. ओमकारला म्हातारीचं म्हणणं फार आवडलं.

नम्रताला नाही आवडलं. नम्रता कार्यक्रम करणाऱ्या कंपनीची वकील, राहणारी रत्नागिरीचीच, आणि बोलताना समोरच्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायची सवय असलेली. "ही जागा तुरुंग होती याचा मला एकही पुरावा सापडला नाही. जाहिरातीत 'खरा' लिहाल तर उद्या कुणीही कोर्टात खेचेल. आणि दुसरं. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कोंडणं हा गुन्हा आहे. करारावर सही असली तरीही. इथे एका दाराला कुलूप लागता कामा नये."

त्यामुळे त्या तुरुंगात एकही कुलूप नव्हतं. गजांच्या दारांचे अडसर कापून टाकले होते. अंगणाच्या मोठ्या दाराला एक भलंथोरलं कुलूप लटकत होतं, पण ते प्लास्टिकचं, वर लोखंडी रंग मारलेलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याला सुतळीनं बांधायला लागायचं.

कुलूप नाही म्हणजे त्याचा आवाजही नाही. तो महरीननं मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यातून आणला. तिथल्या जुन्या दाराचा लोखंडी अडसर तिनं पुन्हा पुन्हा सरकवून घेतला होता. घर्र, आणि मग ठण्ण. कार्यक्रमात दार लागताना हा आवाज मागून जोडायचा. ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडलाच पाहिजे असा तो होता, आणि महरीनला त्याचा फार अभिमान होता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचा धाकटा भाऊ उमेर आत कैदी होता. जहाजावरच्या नोकरीसाठी वर्षाहून जास्त दिवस एजंटच्या फोनची वाट बघत तो राजिवड्याच्या घरात बसून होता, आणि अम्मीच्या मते बसून बसून घराचा ओटा झिजवत होता. "रिकामा बसण्यापेक्षा कैदी तरी हो," असं महरीनच म्हणाली होती. फोन आला की त्याच क्षणी बाहेर पडायचं, एवढीच त्याची अट. नम्रतानं ती करारात लिहून घेतली.

२

पहिल्या दिवशी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. कोकणात कुणी विहीर खणायला घेतली तरी आधी नारळ ठेवून त्या जागेचा जो कुणी राखणदार असेल त्याला सांगतात, विचारतात. इमारतीचा सध्याचा मालक म्हणाला, "ता केल्याशिवाय मी शूटिंग करू देनार नाय." ओमकार म्हणाला, "उत्तम! कॅमेऱ्यावर घेऊ."

गाऱ्हाणं घालणारे गावातले जाणते त्या दिवशी तापानं पडलेले. त्यांचा धाकटा भाऊ सदू आला. सदू नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळांत, राजाची सोंगं घेणारा, आवाज असा की खालून खाडीतले होडीवाले मान वर करून बघतील, आणि कॅमेरा दिसला की मिशीवर हात गेलाच. नारळ ठेवला, सगळे मागे उभे राहिले, आणि सदूनं सुरू केलं.

"बा महाराजा! ही पोरं तुझ्या जागेत आलीत. त्यांच्या कामाला यश दे. येनाऱ्याला सांभाळ, जानाऱ्याला वाट दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मालक एकटाच म्हणाला. बाकीचे गप्प.

"कट," ओमकार म्हणाला. "सदूकाका, झकास. पण हा तुरुंग आहे ना? वाट दे काय? असं म्हणा, की आत येईल तो बाहेर पडता कामा नये. आणि तुम्ही सगळे, मागून जोरात व्हय महाराजा. सगळे. लाइटवाले, मेकअप, महरीन, तूपण. वकीलबाई, तुम्हीसुद्धा."

मालकानं तोंड वाकडं केलं. सदूनं क्षणभर नारळाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा जिंकला.

"आत येल त्याला राख रे महाराजा! तुझ्या दारातनं कोन भायेर पडता नये!"

"व्हय महाराजा!"

पंपाची घरघर आली म्हणून महरीननंच पुन्हा घ्यायला लावलं. नंतर एक कावळा मधे ओरडला, मग आणखी एकदा. दर वेळी सदूचा आवाज चढत गेला, आणि दर वेळी सगळ्यांनी, नम्रतानं आणि महरीननंही, हसत हसत हाळी दिली. व्हय महाराजा. शेवटचा टेक इतका छान झाला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

३

दोनेक दिवसांनी, दुपारी सगळे जेवत असताना, महरीन हेडफोन लावून सकाळचं काम ऐकत बसली होती. कैद्यांना अंगणात आणून दार ओढून घेतल्याचा प्रसंग. तिथे तिचा बर्फाच्या कारखान्यातला ठण्ण जोडायचा होता. पण दार लागलं आणि तिनं काही जोडायच्या आधीच तिथे एक आवाज आला.

ठक.

ती मागे गेली, पुन्हा ऐकलं. लोखंड नव्हतं ते. लोखंडाचा आवाज थोडा वेळ हवेत राहतो, हा राहत नव्हता. हा लाकडाचा होता. जाड, जुनं, हातानं गुळगुळीत झालेलं लाकूड दगडावर टेकवल्याचा. एखादी काठी आडवी टाकल्याचा. कुणाच्या तरी पायाखाली फळी आली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग तिनं आदल्या दिवशीचं काढून ऐकलं. तिथेही दार लागल्यावर, त्याच जागी, ठक. गाऱ्हाण्याच्या आधी घेतलेल्या चाचणीत मात्र नव्हता.

फळी शोधायला म्हणून तिनं त्या वेळचं चित्र लावलं. फळी नव्हती. पण दुसरंच काहीतरी दिसलं, आणि ते इतकं साधं होतं की आधी तिला हसू आलं. लाइटवाला दारातून आत येत होता, हातात फक्त चहाचा पेला. दाराशी आल्यावर तो खांदा वळवून, अंग चोरून, आडवा होऊन आत शिरला. त्याच्या मागून मेकअपची मुलगी आली, तीही तशीच. मग खुद्द ओमकार, फोनवर बोलत बोलत, पोट आत घेऊन. बैलगाडी जाईल एवढ्या रुंद दारातून माणसं अशी जात होती, जशी आपण उंबऱ्यावर कुणी वडीलधारं बसलेलं असलं की त्यांना पाय न लागू देता जातो.

कुणी ठरवून करत नव्हतं. कुणाच्या लक्षातही नव्हतं. महरीननं चित्र आणखी पुढे नेलं. आता कानावर हेडफोन असलेली, हिरवी ओढणी घेतलेली एक बाई दाराशी आली. ती महरीनच होती, आणि तीही आडवी होऊन गेली.

तिनं लॅपटॉप मिटला. डब्यातली अम्मीनं दिलेली मांदेलीची कढी तशीच राहिली.

४

डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं काय करावं तेच तिनं केलं. दाराची मापं बघितली, उंबरा बघितला, कुठे खिळा वर आलाय का बघितलं. काही नव्हतं. सवय असेल, ती म्हणाली. एकाचं बघून दुसरा करतो. शाळेत नाही का, एकानं जांभई दिली की वर्ग जांभया देतो. हे तिला पटलंसुद्धा, संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी ईशाला घरी जायचं होतं. ईशा कैद्यांतली, चिपळूणकडची, तोंडाळ आणि गोड. खोलीतले ढेकूण, पाण्यासारखं वरण आणि एका सहकैद्याचं घोरणं यांना कंटाळून तिनं पिशवी भरली आणि कॅमेऱ्याकडे बघून जाहीर केलं, "मी चालले. बसा तुम्ही."

ती तरातरा अंगण ओलांडून दाराशी गेली. दार उघडंच होतं. पलीकडे सडा, आंब्याच्या बागा, खाली खाडी आणि ऊन. ती थांबली. थोडी डावीकडे झाली, थोडी उजवीकडे. मग पदर सावरावा तसा कैद्याचा सदरा सावरून खाली मान घालून परत आली आणि पिशवी खाली ठेवली.

"काय झालं?" नम्रतानं विचारलं. असल्या वेळी ती मुद्दाम हजर असायची.

"काही नाही. जाते नंतर."

"तुला कुणी अडवलं?"

"नाही हो मॅडम."

"धमकी दिली? पैसे कापू म्हणालं?"

"छे." ईशाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, त्रास नव्हता. मोठ्यांनी 'थांब गो जरा' म्हटल्यावर लाजून थांबलेल्या मुलीसारखी ती दिसत होती. "मी माझ्या मर्जीनं थांबलेय."

नम्रतानं ते कॅमेऱ्यावर पुन्हा वदवून घेतलं. कायद्याच्या दृष्टीनं ते अगदी चोख होतं. ओमकार तर खूशच झाला. पुढच्या दिवसांत आणखी काहीजण असेच पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि मर्जीनं परत आले. प्रत्येकानं तसं सांगितलंही, स्पष्ट, कुणी न विचारता. आणि प्रत्येक वेळी महरीनच्या कानात, दाराशी, ठक. हेडफोन काढला की काही नाही. नुसते पंप. अडत होते ते फक्त कैदी, कामाची माणसं आडवी होऊन का होईना जात-येत होती.

आता मात्र तिला भीती वाटायला लागली होती, खरीखुरी. ओमकारला सांगायला गेली तर तो म्हणाला, "तो आवाज ठेव हां. मस्त आहे."

५

उमेरच्या एजंटचा फोन महरीनला आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. जहाज ठरलं. आज रात्रीच्या गाडीनं मुंबई, उद्या ऑफिसात सह्या, परवा विमान. "पोहोचला नाही तर दुसरा पोरगा उभाच आहे ताई," एजंट म्हणाला. अम्मीनं ऐकलं आणि ती रडायलाच लागली. आनंदानं रडत रडत तिनं बॅग काढली, लोणच्याची बरणी शोधायला लागली.

महरीन दुपार उतरायच्या आत सड्यावर पोचली. उमेर अंगणात शेंगा सोलत बसला होता. बातमी ऐकून त्यानं ओरडून शेंगा उधळल्या, सगळ्यांच्या गळ्यात पडला, ईशाशी हात मिळवला, आणि बहिणीबरोबर दाराकडे निघाला. महरीन पुढे होती. ती दारातून बाहेर पडली. आडवी होऊन. मागे बघितलं तर उमेर आत उभा.

"चल ना."

"हो," तो म्हणाला. आणि हलला नाही.

"उमेर, गाडी चुकेल."

"माहितीये आपा." तो एक पाऊल पुढे आला, थांबला, नम्रपणे किंचित बाजूला झाला, दुसरीकडून बघितलं, पुन्हा थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता. "जाऊ या. जरा... जरा वेळानं."

"काय आहे तिथे?"

"काही नाहीये."

"मग ये!"

तो ओशाळला. कसं सांगावं ते कळत नसल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "असं ओलांडून कसं जायचं गं?"

महरीननं त्याचा हात धरून ओढला. हात आला, खांदा आला, आणि मग तो असा जड झाला की तिचीच चप्पल घसरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला यायचं होतं. वर्षभर ज्या फोनसाठी तो झुरला होता तो फोन आला होता, आणि उघड्या दाराच्या आत, ज्याला कडीही नव्हती अशा दाराच्या आत, तिचा भाऊ हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभा होता.

"मी माझ्या मर्जीनं..." त्यानं सुरुवात केली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. ते शब्द त्याचे नव्हते हे त्यालाही कळलं होतं.

६

असल्या वेळी माणसाला आपलंच काम आठवतं. महरीनला टेक आठवला. जे बिघडलं ते टेकमधे बिघडलं होतं. पहिला टेक बरोबर होता. येणाऱ्याला सांभाळ, जाणाऱ्याला वाट दे.

तिनं तो शोधून काढला आणि मोठ्या स्पीकरवर दाराशी लावला. सदूचा आवाज सड्यावर घुमला. मालकाची एकट्याची हाळी आली. आत काहीही झालं नाही. उमेर मान हलवत होता. यंत्रातल्या आवाजाला कोण कशाला भीक घालेल, असं तिला स्वतःलाच वाटून गेलं. आणि तेव्हा हाळी तरी कुठे सगळ्यांनी दिली होती?

ती स्कूटर घेऊन खाली वाडीत गेली. सदू पडवीत आरशासमोर मिशी काळी करत बसला होता.

"सदूमामा, चला. पुन्हा गाऱ्हाणं घालायचंय."

"रीटेक?" सदू खूश झाला. मग तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्याचा हात मिशीवरच थांबला. अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी. "नाय गो बाय. मी कोन? मी राजाचा सोंग घेनारा मानूस. माझ्या बोलन्याला काय वजन हाय? ता काय खरा थोडाच होता!"

"आवाज खरा होता," महरीन म्हणाली. "आम्ही सगळे व्हय म्हणालो, तेही खरं होतं. माझा भाऊ आत आहे, मामा."

सदू घाबरला होता. ते तो लपवतही नव्हता. "माझ्या भावाला अजून ताप हाय, तो उटला असता तर..." पुटपुटत तो उठला, टोपी घातली, नारळ घेतला आणि तसाच अर्ध्या मिशीनं तिच्या मागे स्कूटरवर बसला.

ओमकारनं आधी नकार दिला. दोन गाऱ्हाणी दाखवली तर लोक गोंधळतील, सलगपणा जाईल, वगैरे. नम्रता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती दारापाशी जाऊन आली होती, आणि येताना आपण आडवं झाल्याचं बहुतेक तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं होतं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज मात्र कोर्टातला.

"एका माणसाला इथून जायचंय आणि त्याला जाता येत नाहीये. कोण अडवतंय हे कोर्ट नंतर ठरवेल. तोवर जबाबदार तुम्ही. कॅमेरे बंद करा."

कॅमेरे बंद झाले. शूटिंग सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्या जागेत कुणीही काहीही टिपत नव्हतं. महरीननं स्वतःचा माइकही बंद केला. हेडफोन मात्र सवयीनं गळ्यात राहिले. सगळे दाराच्या बाहेर दोन बाजूंना उभे राहिले, आत अंगणात कैदी. सूर्य समुद्राकडे कलला होता. बागेतले पंप कधी थांबले कुणाला कळलंच नाही.

सदूनं नारळ उंबऱ्यासमोर ठेवला. या वेळी त्याचा आवाज खाडीपर्यंत गेला नसता.

"बा महाराजा. चूक झाली. पोरासोरांनी हसत हसत सांगितलान, मीपन बोललो. पदरात घे. या दारात जे जे आत हायत, त्या सगळ्यांना वाट दे रे महाराजा. कुनालाच राखू नको. आपापल्या घरी जाऊ दे."

महरीननं मनातल्या मनात आपल्या अल्लाहचं नाव घेतलं, आणि मग सगळ्यांबरोबर, या खेपेला न हसता, घसा फुटेस्तोवर म्हणाली.

"व्हय महाराजा!"

७

काही क्षण काहीच नाही. मग आवाज आला. हेडफोन गळ्यात होते, माइक बंद होता, आणि तरी तो तिला ऐकू आला. सगळ्यांनाच आला, कारण लाइटवाल्यानं मान झटकन वळवली. दगडावरून लाकूड उचलल्याचा, हलका, घासत येणारा आवाज. आणि त्याच्यामागून गुडघ्यावर हात टेकून कुणी म्हातारं माणूस उठताना सोडतं तसा एक लांब सुस्कारा.

उमेर सरळ चालत बाहेर आला. दाराच्या अगदी मधोमध, दोन्ही हात हलवत. महरीननं त्याला असं घट्ट धरलं की तो म्हणाला, "आपा, बरगड्या!" त्याच्या मागून ईशा धावत आली, मग बाकीचे, कुणी हसत, कुणी रडत, कुणी पिशवी न घेताच. सदू मटकन खाली बसला. ओमकारसुद्धा डोळे पुसत होता, आणि त्यानं कॅमेरा सुरू करायला सांगितलं नाही, हे त्याच्या नावावर जमा धरायला हरकत नाही.

"सगळे आले?" नम्रतानं विचारलं. तिनं मनात मोजलं. "सगळे आले. अंगण रिकामं आहे."

आणि तेवढ्यात लाइटवाला एक पाऊल मागे सरकला.

कुणी सांगितलं नव्हतं. तो नुसता बाजूला झाला, येणाऱ्याला वाट करून द्यावी तसा. त्याच्या शेजारची मेकअपची मुलगीही झाली. मग ओमकार. मग नम्रता, पदर लागू नये म्हणून साडी आवरून घेत. दाराच्या तोंडाशी उभी असलेली सगळी माणसं हळूहळू दोन बाजूंना होत गेली आणि मधे एक वाट तयार झाली, खाडीकडच्या उताराकडे जाणारी. पुन्हा कुणी पाऊल मागे घ्यायचं, कुणी खांदा वळवायचं. एकामागून एक कुणी जात असल्यासारखं. बराच वेळ. वाटेवरची लाल धूळ घोट्याइतकी वर येत होती आणि बसत होती.

महरीन उमेरला धरून दाराच्या अगदी जवळ उभी होती. तिला एकच दिसलं. दाराच्या दगडी कडेला, आतल्या बाजूनं, चार बोटं. काळी, सुकलेली, नखं वाढलेली. उंच उंबरा ओलांडताना अधू माणूस आधाराला धरतं तशी ती दगडाला धरून होती. क्षणभर. मग पलीकडे पाऊल पडलं असावं, कारण बोटं सैल झाली आणि दगड मोकळा झाला. तिच्या अंगावर काटा आला, आणि तरीही, हे तिला नंतर कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही, तिनं त्या रिकाम्या जागेसाठी आणखी अर्धं पाऊल मागे घेतलं. जाऊ देत. बिचारे.

खाली बागेत पंप पुन्हा घरघरायला लागला. तिच्या कानांना इतका गोड आवाज कधी लागला नव्हता.

८

गाडी मिळाली. भाट्याच्या पुलावर स्कूटरवर मागे बसलेला उमेर वाऱ्यात मोठमोठ्यानं गात होता आणि महरीन त्याला ओरडत नव्हती. अम्मीनं बरणीबरोबर सुकट, कोकम आणि गरज नसलेला एक तांब्या बॅगेत कोंबला होता. जहाजावरून त्याचा फोन येतो तेव्हा तो इंजिनाची खडखड, जेवणातला बेचव रस्सा आणि फिलिपिनो मित्र यांच्याबद्दल बोलतो. त्या दाराबद्दल दोघांत एकदाच बोलणं झालं. "कुणी नव्हतंच गं तिथे," तो म्हणाला. "पण होतं."

कार्यक्रम झळकला. लोकांनी नेहमीप्रमाणे वाद घातले. सगळं लिहून घेतलेलं आहे, असं अर्धे म्हणाले. माणसांना असं कोंडणं कायद्यात बसतं का, असं बाकीचे म्हणाले. दाराशी जाऊन परत येणाऱ्या ईशाला तर सगळ्यांनी एकमुखानं नाटकी ठरवलं. ती हसते नुसती. ठक असा आवाज मात्र कुठेच ऐकू आला नाही, कारण महरीननं एकूणएक पुसून तिथे आपला बर्फाच्या कारखान्यातला ठण्ण बसवला होता.

मग एक दिवस नम्रताचा फोन आला. कुणीतरी तक्रार केली होती. ही इमारत कधी तुरुंग नव्हतीच, तुम्ही 'खरा तुरुंग' म्हणून लोकांना फसवलंत, अशी. उत्तर द्यायचं होतं. नम्रतानं नेहमीच्या कोर्टाच्या आवाजात सगळं वाचून दाखवलं, आणि मग आवाज खाली आणला.

"कागदावर मी लिहिणार आहे की पुरावा नाही," ती म्हणाली. "तो नाहीच आहे. पण तू दाराच्या जवळ उभी होतीस. तुला म्हणून विचारते, मला झोप लागावी म्हणून. खरा होता का गं?"

महरीननं खिडकीतून खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती. होड्या चिखलात निवांत कलंडल्या होत्या.

"होता मॅडम," ती म्हणाली. "आता रिकामा आहे."